जावळ काढायचं की केश राखायचे?

नांदेडात समुपदेशनाचं काम करताना एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. नवरा शीख, बायको मराठी, बाळ वर्षाचं होत आलेलं, आणि माहेरची माणसं जावळाची तारीख विचारायला लागलेली. सासरी केसाला कात्री लावायची नाही, माहेरी जावळ काढल्याशिवाय चालायचं नाही. "मॅडम, आम्ही काय करावं?" असं विचारणारी आई बहुतेक वेळा रडवेली असते, कारण तिच्याकडे दोन्ही बाजूंनी हट्ट पोचलेला असतो आणि तिचं स्वतःचं मत कोणी विचारलेलं नसतं.

अशाच एका घराची गोष्ट सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला मृणाल म्हणू या, त्याला हरप्रीत.

मृणालची आई हिंगोलीकडची. सकाळी हरिपाठ झाल्याशिवाय चहा न घेणारी बाई. मृणालला दिवस जात नव्हते तेव्हा त्यांनी माहूरच्या रेणुकामातेला नवस बोलला होता की नातू झाला तर जावळ तुझ्या दारात काढीन. नातू झाला. आता त्या अकराव्या महिन्यापासून मागे लागल्या होत्या. मामानं भाच्यासाठी कपडे घेऊन ठेवले होते, कारण जावळ मामाच्या मांडीवर निघतं. "बोललेलं फेडलं नाही आणि लेकराला काही झालं तर कोणाच्या तोंडाकडं बघायचं?" हे त्यांचं वाक्य मृणालनं मला जसंच्या तसं सांगितलं. त्याच्या जोडीला नेहमीच्या समजुती होत्याच. पोटातले केस अशुद्ध असतात, ते काढले नाहीत तर दाट केस येत नाहीत, वगैरे.

हरप्रीतचं एकच म्हणणं होतं: "माझ्या मुलाच्या केसाला हात लावायचा नाही."

आणि मृणालचा राग इथंच होता. कारण हरप्रीतचे स्वतःचे केस कापलेले होते. व्यवस्थित कट, ट्रिम केलेली दाढी, हातात कडं तेवढं. "स्वतः दर महिन्याला सलूनमध्ये जातो आणि माझ्या बाळावर धर्म लादतो," ती म्हणाली. पहिल्या भेटीत ती बोलत होती आणि तो खाली बघत बसला होता.

मी दुसऱ्यांदा त्याला एकट्याला बोलावलं. केस कधी कापलेस, एवढंच विचारलं. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना, दुसऱ्या वर्षी. होस्टेलवर मुलं पगडीवरून चिडवायची. एकानं एकदा झोपेत जुडा, म्हणजे डोक्यावर बांधलेली केसांची गाठ, सोडून फोटो काढले होते. सुट्टीत घरी आला तो केस कापूनच. आई रडली. वडील एक शब्द बोलले नाहीत. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि पुढे वर्षभर मुलाबरोबर गुरुद्वाऱ्यात गेले नाहीत. एवढं सांगून हरप्रीत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझं गेलं ते गेलं. याचं तरी राहू दे."

समुपदेशकाला इथं थांबावं लागतं. मुलाच्या डोक्यावर केस ठेवायचे की नाही हा एक प्रश्न. बापाच्या मनातला सल हा दुसरा. दोन्ही खरे आहेत, पण दुसऱ्याचं ओझं पहिल्यावर टाकलं की ते अकरा महिन्यांच्या बाळाच्या डोक्यावर बसतं. मी हरप्रीतला हे सरळ सांगितलं. त्याला ते आवडलं नाही, पण पटलं.

मग मी मृणालला विचारलं, केश म्हणजे काय, हे तुला सासरी कोणी कधी सांगितलंय का? नव्हतं सांगितलं. "आमच्यात चालत नाही" इतकंच तिच्या वाट्याला आलं होतं. मिश्र विवाहाच्या घरात मी हे सारखं बघते. नियम सुनेपर्यंत पोचतो, त्यामागची श्रद्धा पोचत नाही. म्हणून तिसऱ्या भेटीला मी तिच्या सासऱ्यांना बोलावलं.

सरदारजी सत्तरीचे. त्यांचं मराठी आपल्या नांदेडचं, मध्येच पंजाबी आणि दखनी हिंदी मिसळलेलं. त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत असलेल्या गोष्टींशी जुळणारं होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकताना मृणालचा चेहरा बदलत गेला, म्हणून थोडं विस्तारानं लिहिते.

१६९९ च्या बैसाखीला आनंदपूर साहिबला गुरू गोबिंदसिंगांनी खालसा पंथाची स्थापना केली. शीर द्यायला कोण तयार आहे, या हाकेला पाच जण उठले. ते पंजप्यारे. त्यातले भाई साहिबसिंग बिदरचे, म्हणजे आपल्या नांदेडहून सरळ दक्षिणेला गेलं की लागणाऱ्या बिदरचे, आणि परंपरेनुसार नाभिक घराण्यातले. हे सांगताना सरदारजी ताठ बसले. ज्या काळात डोक्यावरच्या केसांवरून माणसाची जात, आश्रम, दर्जा कळायचा, कोणाला शेंडी, कोणाचं मुंडण, कोणाच्या जटा, त्या काळात गुरूंनी सगळ्यांना एकच रूप दिलं. केश, कंघा, कडा, कछेरा (आखूड चड्डी), किरपाण (छोटी तलवार). 'क'नं सुरू होणारी ही पाच चिन्हं, म्हणजे पाच ककार.

"केश देवानं दिले, ते आपण कापायचे नाहीत," ते म्हणाले. त्याच्या हुकमात राहायचं, त्यानं दिलेलं रूप साबत, म्हणजे अखंड, ठेवायचं, ही त्यामागची भावना. पण लगेच त्यांनी डोक्याकडे बोट दाखवलं, पगडीतल्या कंघ्याकडे. साधू-जोगी केस वाढवतात ते जटा होऊ देतात, कारण त्यांनी संसार सोडलेला असतो. शीख केस वाढवतो आणि दिवसातून दोनदा विंचरतो. त्याला घर चालवायचं आहे, कष्ट करायचे आहेत, वाटून खायचं आहे. केश आणि कंघा हे जोडीनं दिलेत, एकटे केश नाहीत. मृणालनं हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मग ते भाई तारूसिंगांवर आले. १७४५, लाहोर. केस देण्यापेक्षा त्यांनी डोक्याची कातडी सोलून घेणं पत्करलं. शिखांच्या रोजच्या अरदासमध्ये, म्हणजे प्रार्थनेत, अशा हुतात्म्यांची आठवण असते, शेवटच्या श्वासापर्यंत केसांसह शिखी निभावणाऱ्यांची. मृणालला आता कळलं की मुलगा केस कापून घरी आला त्या रात्री या माणसाला घास का गेला नाही. तिनं ते मला नंतर सांगितलं. त्या क्षणी ती फक्त सासऱ्यांना पाणी द्यायला उठली.

जावळाबद्दल शिखांमध्ये संदिग्धता नाही, हेही इथं सांगायला हवं. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीनं १९४५ मध्ये मान्य केलेल्या रहित मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, स्पष्ट म्हटलंय की मूल जे केस घेऊन जन्मतं त्यांना हात लावू नये, आणि मुलगा असो वा मुलगी, केश राखावेत. आपल्या नांदेडच्या तख्त हुजूर साहिबच्या स्वतःच्या काही वेगळ्या प्रथा आहेत, पण केशांबाबत मतभेद नाही. अमृत छकलेल्या, म्हणजे खालसाची दीक्षा घेतलेल्या, शिखासाठी तर केस कापणं हे चार मोठ्या निषिद्धांपैकी एक. अनेक शीख घरांत केस कापलेली माणसं आहेत, ती गुरुद्वाऱ्यात येतात, सेवा करतात, लंगरमध्ये वाढतात. ती शीख नाहीत असं म्हणायचा अधिकार मला नाही, आणि तो माझा विषयही नाही. पण "एवढं काय त्यात, केसच तर आहेत" हे वाक्य त्या घरात बोलू नये, एवढं मी मराठी माहेरांना नेहमी सांगते.

कान टोचण्याचंही तसंच. दागिन्यांसाठी कान-नाक टोचणं त्याच मर्यादेत नाकारलेलं आहे. बारशाच्या गडबडीत आजी बाळाला सोनाराकडे घेऊन जाते आणि मग महिनाभर अबोला. लग्नाआधीच हे बोलून घ्या.

मृणालच्या आईचं काय करायचं, हा माझ्यासमोरचा खरा अवघड भाग होता. त्यांची भीती खोटी नव्हती. त्यांनी देवीला शब्द दिला होता. मी आधी सोप्या गोष्टी बाजूला केल्या. बाळाचे जन्माचे केस पहिल्या काही महिन्यांत आपसूक गळून नवे येतातच, आणि वस्तरा फिरवल्यानं केस दाट होत नाहीत, कारण केसाची जाडी मुळाशी, त्वचेखाली ठरते. हे त्यांनी मुकाट्यानं ऐकलं. नवसाचं मी काही बोलले नाही. तो त्यांचा आणि देवीचा मामला, माझ्या अधिकारातला नाही. एवढंच सुचवलं की माहूरला जाऊन तिथल्या पुजाऱ्यांनाच विचारा, फोनवरून नको.

त्यांना हलवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. सरदारजी बोलता बोलता म्हणाले, "आमच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवजींची बाणी आहे, एकसष्ट शबद, म्हणजे पदं." त्या चमकल्या. नर्सी नामदेव त्यांच्या माहेरपासून हाकेच्या अंतरावर. नामदेव पंजाबात गेले होते हे त्यांना माहीत होतं. पण इथल्या तख्तावर, त्यांच्या व्याह्यांच्या रोजच्या पाठात नामा आहे, हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी सरदारजींना एक शबद म्हणायला लावला. भाषा पुरती कळली नाही, "नामा" कळलं. इतका वेळ "त्यांचा धर्म" म्हणणाऱ्या बाई त्यानंतर "तुमच्यात" म्हणू लागल्या. माझ्या कामात असे बदल मी जपून टिपते.

शेवटी सगळे मिळून माहूरला गेले. ओटी भरली, पुरणाचा नैवेद्य दाखवला, तांबूल घेतला. मामानं भाच्याला मांडीवर घेतलं, नवे कपडे घातले आणि लाकडाचा छोटा कंघा त्याच्या विरळ केसांतून फिरवला. तो कंघा मामानंच आणला होता. कात्री निघाली नाही. आजींचं पूर्ण समाधान झालं असं मी म्हणणार नाही. त्या अजून अधूनमधून "बोललेलं राहिलं" म्हणतात, आणि मृणाल ते ऐकून घेते.

पण केस राखायचे ठरलं म्हणजे काम संपलं असं नव्हे. मी मृणाल-हरप्रीतला विचारलं, रोज विंचरणार कोण? सरदारजी म्हणाले, मी. त्यांनी तिथंच मृणालला दाखवलं. डाव्या मुठीत केस मुळाशी धरायचे, म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही. आधी टोकं सोडवायची, मग मध्य, मग मुळाकडे. ओले केस बांधायचे नाहीत. जुडा फार आवळायचा नाही, कारण वर्षानुवर्षं ताण बसला तर कपाळावरचे केस मागे सरकतात. मी त्यांना म्हटलं, तुम्ही कराल, पण तुमच्यानंतर? ते हरप्रीतकडे बघत राहिले. हरप्रीत म्हणाला, "मी शिकेन परत."

ज्या घरात हे काम एकट्या आईवर टाकलं जातं तिथं केश हे तिच्यासाठी सकाळची कटकट होतात, आणि मुलाला ते तिच्या हातांतून कळतं. विंचरताना बाप किंवा आजोबा दोन शब्द म्हणत असतील, गोष्ट सांगत असतील, तर मुलाला तेही कळतं. माझा आग्रह असतो की हे काम ज्याची श्रद्धा आहे त्यानं करावं.

शाळेची काळजी मृणालला आहेच, आणि ती रास्त आहे. पटका, म्हणजे लहान मुलांच्या केसांवर बांधायचं फडकं, बांधलेल्या मुलाला "मुलगी आहेस का" हे ऐकावं लागतं, अगदी नांदेडातही, बाहेर तर जास्तच. अशा पालकांना मी सांगते की प्रवेशाच्या वेळीच वर्गशिक्षिकेला भेटा आणि पटक्याला हात लावणं ही गंमत धरायची नाही हे बोलून ठेवा. मुलाला एक छोटं उत्तर घरी म्हणवून घ्या: "हे माझे केस आहेत. आमच्यात कापत नाहीत. हात लावायचा नाही." तीन-चार वर्षांचं मूलही हे म्हणू शकतं. कोणी पटका ओढला तर त्याच दिवशी शाळेत जा. हरप्रीतचे होस्टेलमधले फोटो कोणी गांभीर्यानं घेतले असते तर त्यानं केस कापले असते का, मला ठाऊक नाही. पण तो निर्णय त्यानं निदान भीतीपोटी घेतला नसता.

आणि घरातली माणसं? "केस कापलेस तर पाप लागेल" अशी धमकी आजोबांनी देऊ नये. "आमच्याकडे असतास तर किती छान दिसला असतास" असं मामीनं म्हणू नये. चौदा-पंधराव्या वर्षी हा मुलगा विचारणारच आहे की मी का? त्या वेळी त्याला भाई तारूसिंगांची गोष्ट माहीत असावी, आणि आपल्या वडिलांचीही, न लपवता. तो काय ठरवेल ते आज कोणी लिहून देऊ शकत नाही. प्रश्न विचारला म्हणून वर्षभराचा अबोला त्याच्या वाट्याला येऊ नये, यावर मात्र तिघांनीही माझ्यासमोर मान डोलावली आहे. सरदारजींनी सगळ्यात शेवटी.

हरप्रीत आता अधूनमधून एकटाच येतो. मी परत केस ठेवू का, असं त्यानं मला विचारलं. ते गुरुद्वाऱ्यातल्या ज्ञानीजींना विचार, आणि त्याआधी वडिलांशी बोल, असं मी सांगितलं. होस्टेलमधल्या त्या फोटोंची गोष्ट त्यानं वडिलांना आजवर सांगितलेली नाही. पुढच्या भेटीला दोघं मिळून येणार आहेत.