लेक हळवी आहे, म्हणून समुपदेशक होऊ नये?

प्रश्न: माझी मुलगी बारावीत आहे. तिला मानसशास्त्र घेऊन समुपदेशक व्हायचं आहे. माझी धाकटी जाऊ हेच काम करायची. करोनात घरी बसून दिवसभर फोनवर लोकांना धीर द्यायची आणि रात्री आमच्यापैकी कुणाशी बोलायची नाही. शेवटी काम सोडलं, आता शिकवण्या घेते. मुलगी तर तिच्याहून हळवी. तिला अडवू का?
– एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर: ताई, जाऊबाईंचं जे झालं, ते त्या काळात या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांचं झालं. पण ते कशामुळे झालं हे नीट पाहिल्याशिवाय लेकीला अडवू नका.

दुःख ऐकणं हे जाऊबाईंचं रोजचंच काम होतं. एरवी समोरचा माणूस संकटात असतो आणि ऐकणारा काठावर उभा असतो. २०२० मध्ये दोघंही त्याच पाण्यात होते. वडिलांचं शेवटचं दर्शनही झालं नाही म्हणून फोनवर कुणी रडतंय आणि इकडे ऐकणारीच्या स्वतःच्या घरातला रिपोर्ट यायचाय, अशी ती गत. एप्रिल-मे २०२१ मध्ये तर ज्याला ऑक्सिजनची खाट हवी होती, त्याला मन शांत ठेवायला काय सांगणार? आपण काहीच करू शकलो नाही, ही बोच कामाच्या थकव्यापेक्षा जास्त दिवस टिकते.

त्यातून काम घरातच. समोर चेहरा नाही, नुसता आवाज. कॉल संपला की दार उघडून थेट पोळ्या लाटायला. मधला रिक्षाचा अर्धा तास नाही, सहकाऱ्यांबरोबरचा चहा नाही. (त्या चहाला कुणी उपचार म्हणत नाही, पण बरंचसं काम तोच करत असतो.)

माझ्या मते सगळ्यात मोठं कारण वेगळंच. या पेशात ऐकणाऱ्याचंही कुणी ऐकावं लागतं. अनुभवी व्यक्तीसमोर दर आठवड्याला बसून आपल्या केसेस मांडायच्या, कुठे अडकलो ते सांगायचं, याला सुपरव्हिजन म्हणतात. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ते कागदावरच असतं. मुळात माणसं कमी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशही होता. त्यात वेगवेगळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचं दिसलं. महामारीच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने म्हटलं. तो सगळा भार याच मोजक्या लोकांवर पडला.

म्हणून लेकीच्या हळवेपणाची मला फारशी काळजी नाही. रडू येणारी मुलगी चालते. "आज आता आणखी फोन घेणार नाही" असं सांगता न येणारी मुलगी लवकर मोडते. ते शिकवता येतं, आणि शिकवणारी जागा निवडणं आपल्या हातात आहे.

तेव्हा कॉलेज किंवा पुढे नोकरी बघताना इमारत आणि नाव राहू द्या. विचारा: दिवसाला किती जणांना भेटावं लागतं? सुपरव्हिजन कोण देतं, आठवड्यातून किती वेळ? गोलमोल उत्तर आलं तर दुसरं दार ठोठवा.

वाटाही वेगवेगळ्या आहेत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. ही व्यवस्था सध्या बदलते आहे, जुन्या एम.फिल.च्या जागी नवे अभ्यासक्रम येत आहेत. प्रवेशाआधी परिषदेच्या संकेतस्थळावरची यादीच पाहा, कॉलेजच्या जाहिरातीवर जाऊ नका. शाळेतलं समुपदेशन ही वेगळी वाट. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे, तिथेही समुपदेशक लागतात. सुरुवातीचा पगार बहुतेक ठिकाणी बेताचाच असतो, तेवढी तयारी ठेवा.

आणि एक. घरात हा विषय जाऊबाईंसमोर टाळला जातो, असं तुमच्या पत्रावरून वाटलं. त्यांची तयारी असेल तर मुलीला काकूपाशी बसू द्या, तुम्ही मध्ये थांबू नका. काम का सोडलं हे तर तिने विचारावंच, पण त्याआधी इतकी वर्षं का केलं तेही विचारावं.

बारावीनंतर पदवीला मानसशास्त्र घेताना संख्याशास्त्राचा पेपर मिळत असेल तर सोडू नये. पुढे पदव्युत्तरला मुलं तिथेच अडखळतात.