'सिलाबुर' म्हणजे चांदीच का?

प्रश्न असा आहे: संस्कृत 'रजत', लॅटिन 'अर्गेन्तुम' आणि जुन्या आयरिशमधला 'अर्गत' हे एकाच मुळातून आले. मग स्पेनमधल्या बोतोर्रीता गावच्या प्राचीन कोरीव लेखात, जो आयरिशच्याच केल्टिक कुळातल्या भाषेत आहे, चांदीला 'सिलाबुर' कसं? की हे 'सिल्व्हर'शी नुसतं ध्वनिसाम्य?

माझ्या मते चांदीच. पण ती ध्वनिसाम्यावरून नव्हे, संदर्भावरून ठरते. सारागोसाजवळ १९७० साली सापडलेल्या या कांस्यपत्राच्या सुरुवातीला 'लितोम' (याचा अर्थ 'परवानगी असलेलं' असा लावतात) आणि 'नेकुए' यांची रांगच लागते. ती मनाईची कलमं मानतात ('नेकुए' म्हणजे हुबेहूब आपलं 'न च'). त्यानंतर 'सिलाबुर स्लेइतोम कोन्स्किलितोम गाबिझेति' येतं आणि लगेच 'कान्तोम', म्हणजे शंभर. 'शतम्'चा सख्खा भाऊ. 'गाबिझेति'त 'घेणे' या अर्थाचा धातू आहे. मनाई, काहीतरी घेणं, मग शंभराचा आकडा: दंडाचंच कलम दिसतंय, आणि दंड चांदीत घेणं ओघानेच आलं. मधल्या दोन विशेषणांचे अर्थ 'ठोकलेली', 'कापलेली' असे लावतात. त्यांवर मी फार भार टाकणार नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. ही लिपी इबेरियन लोकांकडून, म्हणजे स्पेनमधल्याच बिगर-केल्टिक शेजाऱ्यांकडून, घेतलेली. तमिळसारखंच तिच्यातही 'ब' आणि 'प' यांना वेगळी चिन्हं नाहीत. केल्टिक भाषांनी मूळचा 'प' गमावला होता (म्हणून 'पितृ'चा आयरिश भाऊ 'अथिर'), म्हणून आपण 'बु' वाचतो. पण शब्द बाहेरून आलेला असेल, तर तो युक्तिवाद लंगडा पडतो.

आणि तो बाहेरचाच वाटतो. दोन्ही विशेषणांना '-ओम' प्रत्यय आहे, 'सिलाबुर' मात्र उघडाबोडका. शिवाय गॉथिक (जर्मन कुळातली जुनी भाषा) 'सिलुब्र', लिथुआनियन 'सिदाब्रास', रशियन 'सेरेब्रो' पाहा. कुठे ल, कुठे द, कुठे र! एका मुळातून नियमाने निघालेले शब्द असे वागत नाहीत. हा व्यापाराबरोबर हिंडलेला शब्द आहे. शेजारच्या बास्क भाषेतला 'झिलार' (चांदी) पाहून अनेकजण तिथूनच उसना घेतल्याचं ठोकून देतात. पण बास्कनेही तो दुसऱ्या कुणाकडून घेतलेला असू शकतो, त्यामुळे 'सिलाबुर'चा अर्थ देताना मी 'चांदी. परका शब्द' एवढंच लिहीन, 'बास्कमधून' असं लिहिणार नाही.