पोलिसांकडून आलेलं जुनं, रंग उडालेलं .३८ रिव्हॉल्व्हर घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की ग्रीन कार्ड मिळालंय, रेंजवर भाड्याच्या हत्यारांवर शिकून झालंय, आणि दुकानात काउंटरच्या टोकाला पोलिसांकडून आलेली .३८ (हे काडतुसाचं माप) रिव्हॉल्व्हर नव्याच्या निम्म्या किमतीत दिसतात. पण रंग इतका उडालाय की घ्यायचा धीर होत नाही. आणि घेतलंच तर नव्याने रंग चढवून घ्यावा का, असंही विचारलंय. मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि माझ्या कपाटात बहुतेक असलीच रिव्हॉल्व्हर आहेत. माझं म्हणणं: जरूर घ्या, आणि रंग उडालेलीच आधी हातात घेऊन बघा.

पोलिसाचं रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं रोज कमरेला असतं, पण झाडलं जातं ते मुख्यतः नेमबाजीच्या चाचणीपुरतं. चामड्याच्या होल्स्टरमधून आत-बाहेर होऊन नळीचं तोंड आणि सिलिंडरच्या (काडतुसं भरायच्या फिरत्या नळकांड्याच्या) कडा पांढऱ्या पडतात, घामाने मुठीजवळ डाग पडतात. आतलं यंत्र मात्र बऱ्याचदा घट्ट असतं. १९८० आणि ९० च्या दशकांत अमेरिकेतली पोलीस खाती मॅगझिनच्या पिस्तुलांकडे वळली आणि ही सगळी रिव्हॉल्व्हर बाजारात आली. त्यांत सर्वाधिक भेटतं ते स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १०. मूळ रचना १८९९ ची. आधी त्याला ‘मिलिटरी अँड पोलीस’ म्हणत, १९५७ मध्ये क्रमांक मिळाला. साठ लाखांहून जास्त बनली असल्यामुळे सुटे भाग मिळतात आणि दुरुस्त करणारेही. कोल्टचं ऑफिशियल पोलीस (१९२७ ते १९६९) मला दिसायला जास्त आवडतं, पण त्याचं टायमिंग (घोडा ओढताना सिलिंडर वेळेवर जागेवर बसणं) बिघडलं तर ते नीट बसवणारा कारागीर शोधावा लागतो. पहिल्या खरेदीला मॉडेल १० च बरं.

आता बघायचं काय. दुकानदाराची परवानगी घ्या, सिलिंडर उघडून काडतुसांची सहाही घरं रिकामी असल्याची स्वतः खात्री करा, मग मिटा. घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढा आणि दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरवर हलकं टेकवून ठेवा. घोडा मागे अडकायच्या आत सिलिंडर खट् करून जागेवर बसायला हवा. एकेक करून सहाही घरांवर हे करा. पाच बरोबर आणि एक उशिरा, असंही भेटतं. घोडा मागे अडकलेला असताना त्याला अंगठ्याने पुढे ढकला. सुटला तर ते रिव्हॉल्व्हर तिथेच ठेवून द्या. मग चाप पूर्ण दाबून धरलेला असताना सिलिंडर बोटांनी हलवा: स्मिथमध्ये डावी-उजवीकडे किंचित हालचाल चालते, पुढे-मागे खुळखुळ नको. नळी आणि सिलिंडर यांतली फट फीलर गेजने, म्हणजे पातळ मापपट्ट्यांनी, मोजा. ४ ते ८ हजारांश इंच असेल तर उत्तम, दहाच्या पुढे गेली तर मी किंमत पाडून मागतो किंवा सोडून देतो. सिलिंडर उघडून गरकन फिरवा. मधली दांडी डगमगत फिरली तर ती वाकलेली आहे. सिनेमात मनगटाच्या झटक्याने सिलिंडर मिटतात ना, त्याने ज्या बिजागरीवर तो झुलतो ती वाकते, तेव्हा तिथे नीट न मिटणारी फट दिसते का तेही पाहा. नळीत उजेड टाकून बघा. आतली काळपट घाण साफ होते, गंजाचे खड्डे जात नाहीत. आणि स्क्रूंची डोकी! ती चुरगाळलेली असली की कुणीतरी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने ते उघडलेलं असतं, आणि आत काय केलंय ते देवाला ठाऊक. उडालेल्या रंगापेक्षा खराब झालेल्या स्क्रूला मी जास्त घाबरतो.

स्वस्त दिसणारे काही सापळेही आहेत. दुसऱ्या महायुद्धातलं स्मिथचं ‘व्हिक्टरी’ मॉडेल ब्रिटनसाठी वेगळ्या, आखूड आणि जरा जाड काडतुसाचं बनत असे. युद्धानंतर त्यांतल्या अनेकांची घरं .३८ स्पेशल या लांब काडतुसासाठी वाढवली गेली. त्यात झाडलेली काडतुसं फुगून बाहेर येतात, फाटतातही. शिवाय १९४४ मध्ये असं एक रिव्हॉल्व्हर जहाजाच्या डेकवर पडून त्यातून गोळी सुटली आणि एक नौसैनिक मेला. त्यानंतर कंपनीने घोड्याचा अडसर बदलला. त्याआधीचं रिव्हॉल्व्हर भरून खिशात-कमरेला बाळगू नका. ब्रिटिश .४५५ वेब्ली रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर मागून घासून .४५ एसीपी ही पिस्तुलाची काडतुसं बसवलेली दिसली तर दूर राहा, त्या काडतुसाचा दाब वेब्लीच्या मूळ काडतुसाहून पुष्कळ जास्त असतो. (आपल्या कानपूरला बनणारं .३२ याच वेब्लीच्या घराण्यातलं आहे.) आणि आयव्हर जॉन्सन, हॅरिंग्टन अँड रिचर्डसन यांची मधून दुमडून उघडणारी छोटी रिव्हॉल्व्हर फार स्वस्त मिळतात, पण जुनी मॉडेलं काळ्या बारुदाच्या काळातली, आजच्या काडतुसांसाठी नव्हेत. ती शोकेसमध्येच शोभतात.

कायद्याचं थोडक्यात. लायसन्सधारक दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ पूर्ण हवं, फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. ग्रीन कार्डवर चालतं. एच-१बी व्हिसावर असलेल्यांना मात्र हत्यार आणि काडतुसं जवळ बाळगायलाही बंदी आहे. राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स हा त्यातला एक अपवाद. हे वाचणाऱ्या मित्रांनी इथे निष्काळजी राहू नये. राज्यांचे नियम वेगळे आहेत, ते दुकानात विचारा. घरात मुलं असतील तर कुलूप असलेली लोखंडी पेटी त्याच दिवशी आणा.

मजा कशात आहे म्हणाल तर चापात. घोडा आधी न ओढता नुसता चाप लांब, एकसारखा दाबत न्यायचा. हजारो वेळा दाबून आतले पृष्ठभाग एकमेकांवर असे बसलेले असतात की तो लोण्यासारखा सरकतो. वॉडकटर नावाची सपाट तोंडाची गोळी वापरा. धक्का सौम्य असतो आणि कागदावर पंचने पाडल्यासारखं स्वच्छ भोक पडतं. ‘प्लस पी’ लिहिलेली जादा दाबाची काडतुसं जुन्यात भरू नका, विशेषतः मॉडेल क्रमांक कोरलेला नसेल तर. सुरुवातीला सात यार्डांवर, फक्त चाप दाबून, सहा गोळ्या सावकाश झाडा. इतकं शांत समाधान मला महागड्या पिस्तुलाने कधी दिलं नाही.

रंग मात्र चढवू नका. खर्च जवळपास रिव्हॉल्व्हरच्या किमतीएवढा येतो, घासताना कडा गोल होतात आणि पोलीस खात्याची ठोकलेली अक्षरं पुसट होतात. माझ्या मॉडेल १० च्या मुठीमागच्या पट्टीवर ती अजून स्वच्छ वाचता येतात. तेलाचा हलका हात फिरवा, आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.