एचआयव्ही असूनही काही जण औषधांविना वर्षानुवर्षे निरोगी कसे राहतात?

आपल्या मामांना २०१२ साली एचआयव्हीचे निदान झाले, त्यांनी आजवर औषध घेतले नाही, तरी त्यांचा सीडी-४ (एचआयव्ही ज्यांना नष्ट करतो, त्या प्रतिकारपेशींची रक्तातली संख्या) सातशेच्या वर आहे. त्यांच्या प्रतिकारशक्तीत वेगळे काय असावे आणि औषधाची खरोखर गरज आहे का, असे आपण विचारले आहे.

अशा व्यक्तींचे दोन गट मानतात. काहींचा सीडी-४ टिकून राहतो, पण रक्तात विषाणू सापडतो. काहींचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, मात्र औषधाविनाही मिलिलिटरमागे ५० प्रतींच्या खाली असतो. त्यांना एलिट कंट्रोलर म्हणतात आणि ते बाधितांपैकी एक टक्क्याहूनही कमी असतात.

मी प्रतिकारशास्त्र शिकवतो. 'यांची प्रतिकारशक्ती जास्त असते' हे विधान मला अपुरे वाटते, कारण फरक प्रमाणात नसून गुणवत्तेत आहे. विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या सीडी-८ पेशी इतर रुग्णांतही भरपूर असतात, पण सततच्या झुंजीने त्या थकतात. कंट्रोलरमध्ये मात्र त्या विषाणूची खूण पटताच झपाट्याने वाढतात आणि परफोरिन, ग्रॅन्झाइम ही मारक प्रथिने पुन्हा तयार करतात. त्या नेमका कशावर हल्ला करतात, हे तर त्याहून महत्त्वाचे. एचएलए-बी५७ हा जनुकप्रकार असलेल्यांत पेशीच्या पृष्ठभागावर विषाणूच्या पी२४ या प्रथिनाचा एक तुकडा मांडला जातो. ओळख चुकवण्यासाठी विषाणू त्या तुकड्यातील २४२ क्रमांकाचे अमिनो आम्ल बदलतो खरा, पण त्याचे अंतःकवच पी२४ चेच बनलेले असल्याने त्या बदलाने त्याची स्वतःची वाढ मंदावते. २०१० साली सुमारे एक हजार कंट्रोलरच्या जनुकीय अभ्यासातही मुख्य फरक एचएलए-बी रेणूच्या, असे तुकडे धरणाऱ्या खाचेतच आढळला. तरीही बी५७ असलेला प्रत्येक जण कंट्रोलर नसतो आणि प्रत्येक कंट्रोलरमध्ये बी५७ नसतो.

२०२० साली ६४ एलिट कंट्रोलरच्या अभ्यासात असे दिसले की त्यांच्यात पेशींच्या गुणसूत्रांत शिरून उरलेला अखंड विषाणू बहुधा त्यांच्या निष्क्रिय भागांत अडकलेला असतो. सक्रिय भागांतला विषाणू वाहणाऱ्या पेशी सीडी-८ पेशींनी वर्षानुवर्षे वेचून मारल्या असाव्यात, असा त्याचा अर्थ लावला जातो आणि मला तो पटतो.

क्वचित श्रेय शरीराचे नसतेच. सिडनीत एकाच रक्तदात्याकडून बाधा झालेल्यांच्या विषाणूत नेफ जनुकाचा भाग गळालेला होता, म्हणून ते दीर्घकाळ बरे राहिले. पण त्यांतल्याही काहींचा सीडी-४ पुढे घसरला.

त्यामुळे मामांनी औषध सुरू करावे, असेच माझे स्पष्ट मत आहे. विषाणू दबलेला असतानाही शरीरात सौम्य दाह धुमसत राहतो आणि तो हृदय व रक्तवाहिन्यांना घातक ठरू शकतो. रक्तात विषाणू असेल तर जोडीदारालाही धोका असतो. २०१७ पासून भारतात सीडी-४ कितीही असला तरी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरील औषधे, दिली जातात. जवळच्या शासकीय एआरटी केंद्रात नोंदणी करून व्हायरल लोड तपासून घ्या. मामा वरीलपैकी कोणत्या गटात मोडतात, हे सीडी-४ वरून नव्हे, तर त्या तपासणीवरूनच कळेल.