एक्सप्लोररचा मागचा ॲक्सल फॉक्स-बॉडी मस्टँगला लावताना

मित्रा, तुझ्या फॉक्स-बॉडी मस्टँगसाठी (म्हणजे 1979 ते 1993 ची फोर्ड मस्टँग) 1995 ते 2001 च्या फोर्ड एक्सप्लोररचा 8.8 इंची ॲक्सल (आतल्या मोठ्या रिंग गिअरचा व्यास 8.8 इंच) निवडलास, छान केलंस. 31 स्प्लाइनचे (टोकाला 31 खाचा असलेले) जाड शाफ्ट आणि वर डिस्क ब्रेक! मस्टँगचे मूळ 28 स्प्लाइनचे शाफ्ट त्यापुढे नाजूकच.

पण पिनियन, म्हणजे प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे येणारा दांडा) जिथे जोडतात तो छोटा गिअर, आधी नीट बघ. तो मधोमध नसतो, सुमारे 2 इंच उजवीकडे असतो. म्हणून शाफ्टभोवतीची डावी लांब नळी कापून दोन्हीकडे उजवाच आखूड शाफ्ट घालतात. एक्सप्लोररला पाटे (लीफ स्प्रिंग) असतात, तेव्हा त्यांच्या बैठका काढून मस्टँगच्या कंट्रोल आर्मचे (ॲक्सल गाडीला जोडून जागेवर धरणाऱ्या दांड्यांचे) ब्रॅकेट वेल्ड करावे लागतील.

इथे घाई नकोच. मी पहिल्यांदा एक बाजू सलग वेल्ड केली. नळी केसभर वाकली आणि नवं कोरं सील तेल गाळू लागलं. सगळं पुन्हा उघडावं लागलं. इंचभर वेल्ड कर, थंड होऊ दे, मग समोरची बाजू घे. ब्रॅकेट पक्के करण्याआधी पिनियनचा कोन गाडीचं वजन चाकांवर ठेवूनच माप.

प्रॉपशाफ्टची लांबी शेवटी मोज. आणि ड्रमच्या जागी डिस्क आल्यावर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब मर्यादित ठेवणारा) जुळवल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नकोस. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गर्रकन फिरते.