नववी-दहावीच्या पोरांना कुठल्या प्रकारची कादंबरी द्यावी? रहस्य, सायन्स फिक्शन की प्रेमाची?

माझ्या मते प्रकार नंतर बघा, आधी पोराचं वय आणि भाषा बघा. आमच्याकडं बेळगावच्या टिळकवाडीत शेजारची पोरं पुस्तकं न्यायला येतात, त्यावरून सांगतो.

ज्याला वाचायची सवयच नाही त्याला सरळ फास्टर फेणे द्या, भा. रा. भागवतांचा, पोरगं सायकलवरून सुटतं आणि वाचणारं पण त्याच्या मागं पळतं. सायन्सची गोडी असेल तर नारळीकरांचं 'प्रेषित', पण ते जरा सावकाश पकड घेतं, पन्नास पानं धीर धरा म्हणून आधीच सांगून ठेवा.

प्रेमाचं म्हणाल तर मिलिंद बोकीलांची 'शाळा', 2004 ची. आणीबाणीच्या काळातली नववीतली पोरं आहेत. काही पालकांना वाटतं हे लवकर होतंय, मला अजिबात नाही वाटत, त्या वयात मनात जे चालतं ते इतकं खरं लिहिलेलं पोरांना दुसरीकडं कुठं मिळणार?

आणि बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या पोरांना प्रकाश नारायण संतांचा लंपन द्याच द्या, 'वनवास' पासून सुरू करा. कादंबरी नाही, कथा आहेत, पण एकच पोरगं सगळीकडं, आईवडलांपासून लांब आजीआजोबांकडं राहणारं. त्यातलं कानडी मिसळलेलं मराठी वाचून शेजारची आठवीतली मुलगी पानावर बोट ठेवून म्हणाली, "काका, हे तर आमच्या अज्जीसारखं बोलतात की!" त्या दिवशी ती पुस्तक घेऊन पायरीवरच बसली, जेवायला हाका मारल्या तरी उठली नाही.