जुन्या ट्रॅक्टरचा एक हिटर प्लग गेला तर चारही बदलावे लागतात का?

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या वेळचा डिझेल ट्रॅक्टर थंडीत पहाटे सुरू होत नाही, हिटर (सेल्फच्या आधी इंजिन आतून तापवणारे प्लग) किती वेळ धरायचा आणि एक प्लग गेला तर चारही बदलायचे का. वर असंही लिहिलंय की, गावातले एक जण म्हणतात, 'गेलेल्या प्लगला तार मारून टाका, काही होत नाही' (म्हणजे त्याची दोन टोकं तारेने जोडून टाका). या शेवटच्या वाक्यासाठी उत्तर लिहायला बसलोय. हे वाक्य आमच्या घरात बारा वर्षं चाललंय.

आम्ही निफाड तालुक्यातले. पारा चार-पाच अंशांवर गेला की पेपरात फोटो येतो तेच निफाड. लोकांना बातमी वाचून मजा वाटते, आमच्याकडे त्या रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटलेल्या असतात. दिवस उजाडताना औषध मारायला ट्रॅक्टर लागतो आणि आमचा होता जुना महिंद्रा बी-275, आजोबांनी सेकंडहँड घेतलेला. 1963 मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारी केली, त्यातून आलेलं हे मॉडेल. एकदा सुरू झाला की अंधार पडेपर्यंत कुरकुर नाही, पण सुरू व्हायच्या आधी माणसाचा अंत पाहणार.

नाना, म्हणजे माझे धाकटे चुलते, तो रोज संध्याकाळी विहिरीच्या भरावावर उतार धरून लावायचे. पहाटे ब्रेक सोडला, गिअरमध्ये टाकला, क्लच सोडला की झालं. एका पहाटे उतार संपला तरी इंजिन उठलं नाही आणि ट्रॅक्टर खालच्या पाटचारीत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी नानांनी एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरला. मग मिस्त्री आला, त्याने दोनदा सेल्फ मारला आणि निकाल दिला: कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये हवा दाबली जाणं) गेलंय, लायनर, पिस्टन, रिंगा, सगळं करावं लागेल. प्लगवर शंभर रुपये घालवायला तयार नसलेले नाना इंजिन खोलायला मात्र लगेच तयार!

मी तेव्हा आयटीआयला मेकॅनिक डिझेल करत होतो. म्हटलं, नाना, दिवसभर नांगर ओढतोय, ऑइल खात नाही, निळा धूर नाही, मग कॉम्प्रेशन गेलं कसं? सेल्फ मारताना येतोय तो पांढरा धूर, म्हणजे न जळलेलं डिझेल. आत डिझेल येतंय पण पेटायला गरमी नाही. नाना म्हणाले, "शाळेतलं आम्हाला नको शिकवू."

त्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही, हेडमधल्या लहान खोलीत पडतं. गार हेडमध्ये दाबलेल्या हवेची गरमी त्या खोलीच्या भिंतीच पिऊन टाकतात, म्हणून तिथे हिटर लागतो. जुने प्लग दोन टोकांचे, पुढे उघडी वेटोळी तार असलेले. एकेक जेमतेम दोन व्होल्टचा, चारही एकामागे एक माळेत जोडलेले. माळेतला एक तुटला की चारही गार.

म्हणून तपासायला मीटरसुद्धा लागत नाही. बारा व्होल्टच्या बल्बचं एक टोक बॉडीला धरलं, कुणालातरी स्विच हिटरवर धरायला सांगितला आणि दुसरं टोक पहिल्या प्लगपासून पुढे लावत गेलो. दुसऱ्या प्लगच्या पुढच्या टोकापर्यंत बल्ब पेटला, तिसऱ्याच्या अलीकडे पेटला, पलीकडे नाही. म्हणजे तिसरा गेला. दहा मिनिटांचं काम. (आधी प्लग जोडणाऱ्या पट्ट्या आणि शेवटची अर्थिंग घासून घ्या, निम्म्या वेळा तिथेच रोग असतो.)

आता कबुली. फवारणी अडली होती, दुकान उघडायला वेळ होता, म्हणून तिसऱ्या प्लगच्या दोन टोकांना तांब्याची तार मीच मारली. अर्धा मिनिट हिटर धरला, दुसऱ्या सेल्फला ट्रॅक्टर उठला. नाना एवढे खूश की मला चहा स्वतः आणून दिला. मी सांगितलं, आजच्यापुरतं आहे, उद्या प्लग आणा. आणि मी हॉस्टेलला गेलो.

नानांनी प्लग आणलाच नाही. "चालू राह्यलं ना ते, मग कशाला खर्च?" पण चौघांत वाटलं जाणारं व्होल्टेज तिघांवर आलं, त्यांच्यातून जाणारा करंटही वाढला आणि ते गरजेपेक्षा जास्त लाल होऊ लागले. काही दिवसांत दुसरा गेला. नानांनी त्यालाही तार मारली, यावेळी स्वतःच्या हाताने. उरलेले दोन एकाच आठवड्यात जळाले. चार प्लगचे पैसे गेले, शिवाय दोन दिवसांची फवारणी. आणि आजही घरात पाहुणे जमले की नाना सांगतात, "तार यानेच टाकली होती." टाकली होती नाना, एका सकाळीपुरती!

तर तार मारू नका. एकच गेला असेल तर एकच बदला, पण त्याच व्होल्टचा, त्याच जातीचा. एक जास्तीचा टूलबॉक्समध्ये ठेवा. जुन्या वेटोळ्याच्या प्लगना कडक थंडीत वीस ते तीस सेकंद द्या, मग सेल्फ. नाही उठला तर थोडं थांबून पुन्हा. मिनिटभर दाबून बसू नका, हा हिटर बॅटरीतून भरपूर करंट खातो आणि मग सेल्फला काही उरत नाही. बॅटरी मेलेली असेल तर नवे प्लगही काही करणार नाहीत.

हे सगळं माळेतल्या प्लगचं झालं. बागेतल्या लहान जपानी धाटणीच्या ट्रॅक्टरना पेन्सिलसारखे एका टोकाचे प्लग असतात, ते प्रत्येकी थेट बारा व्होल्टवर. तिथे एक गेला तर बाकीचे तापतात, इंजिन खडखडत, पांढरा धूर टाकत उठतं. त्यांना वेळही कमी पुरतो. आणि बॉनेटवर 'डीआय' लिहिलेलं असेल तर हेडमध्ये हिटर प्लग शोधत बसू नका, थेट इंजेक्शनच्या इंजिनाला तो बहुधा नसतोच. फार तर हवेच्या मॅनिफोल्डमध्ये एक हिटर असतो.

एक राहिलं. सुरू करायचा स्प्रे मिळतो, तो हिटर प्लगच्या इंजिनात कधीही मारू नका. तापलेल्या तारेवर तो भलत्या वेळी पेटतो आणि मग मात्र मिस्त्रीने सांगितलेलं लायनर-पिस्टनचं काम खरोखर निघतं. बोळ्याचंही तेच, नानांच्या नशिबाने फक्त एअर क्लीनरचा रबरी पाइप जळाला.

तुमचं मॉडेल कुठलं ते लिहिलेलं नाही. प्लगला टोकं एक की दोन, तेवढं बघून सांगा.